घरगुती मत्स्यटाकीत ओझोन: उपयोग कुठवर आणि धोका कुठून

माळवी_मासा (धागाकर्ता, इंदूर)

नमस्कार. आमच्या बैठकीच्या खोलीत सुमारे ३०० लिटरची गोड्या पाण्याची टाकी असून तीत ऑस्करची जोडी आणि काही सिल्व्हर डॉलर आहेत. गाळणीसाठी एक कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर) आणि कोपऱ्यात एक स्पंज फिल्टर आहे. नर्मदेचे पाणी आमच्या वसाहतीत एक दिवसाआड येते. ते गच्चीवरच्या टाकीत साठवून, हायपोचे (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचे) थेंब टाकून मग पाणी बदलण्यासाठी वापरतो. बोरिंगचे पाणी फार जड असल्यामुळे ते टाळतो. मासे निरोगी आहेत, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात, परंतु पाण्याला फिक्या चहासारखी पिवळट झाक आहे आणि पाणी बदलल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा दिसू लागते.

मासे विकणाऱ्या एका दुकानदारांनी यावर ओझोन सुचवला. घरात भाज्या धुण्यासाठी घेतलेले ओझोनचे यंत्र पडूनच आहे. त्यावर तासाला ४०० मिलिग्रॅम असे छापले आहे. त्याची नळी एअर स्टोनला जोडून थेट टाकीत सोडावी आणि रोज दहा मिनिटे यंत्र चालवावे, असे त्यांचे म्हणणे पडले. मी अद्याप काहीही जोडलेले नाही. हे योग्य ठरेल का, आणि नसेल तर योग्य पद्धत कोणती, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रेणुसूत्र

प्रथम एक विनंती: ते यंत्र टाकीला जोडू नका. आता कारण सांगतो.

ओझोन म्हणजे प्राणवायूचे तीन अणू असलेला रेणू. त्यातला तिसरा अणू सुटायला उतावीळ असतो आणि समोर जे सेंद्रिय द्रव्य येईल त्याचे ऑक्सिडीकरण करतो. पाण्याला पिवळेपणा देणाऱ्या रेणूंमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते आणि ओझोन नेमका त्या दुहेरी बंधांवर घाव घालतो. त्यामुळे रंग फार लवकर उतरतो. म्हणजे दुकानदारांनी सांगितलेला परिणाम खोटा नाही. पिण्याच्या पाण्यासाठी फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून ओझोन वापरात आला, मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांतही तो नेहमीचा आहे, आणि बाटलीबंद पाण्याच्या लेबलावर ‘ओझोनाइज्ड’ हा शब्द आपण रोज वाचतो. मात्र बाटली आपल्या हाती येईपर्यंत त्यातला ओझोन विघटित होऊन गेलेला असतो. २० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात साधारण २० मिनिटांत तो निम्मा होतो, आणि तापमान किंवा पीएच वाढला की त्याहूनही लवकर. मासा मात्र त्या वीस मिनिटांतही श्वास घेतच असतो, आणि पाण्यात उरलेला ओझोन सर्वांत आधी त्याच्या कल्ल्यांच्या नाजूक आवरणाला भाजतो. रेनबो ट्राउटवरील जुन्या प्रयोगांत लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपासचे प्रमाणही काही दिवसांत घातक ठरलेले आहे.

आता तुमच्या यंत्राचा हिशेब करू. गोड्या पाण्यासाठी छंदातली प्रचलित मात्रा १०० लिटरमागे तासाला ५ मिलिग्रॅमच्या घरात आहे, म्हणजे तुमच्या टाकीला तासाला १५ मिलिग्रॅम. तुमचे यंत्र छापल्याप्रमाणे चालत असेल तर ते याच्या पंचवीसपटींहून अधिक ओझोन देते. ‘दहाच मिनिटे’ म्हटल्याने हे गणित सुटत नाही, कारण एकूण मात्रा कमी झाली तरी त्या दहा मिनिटांतले पाण्यातले प्रमाण तेवढेच चढते, आणि माशाला सरासरीशी काही देणेघेणे नसते.

शिवाय हवेचा प्रश्न आहे. एअर स्टोनचे बुडबुडे दीड-दोन फूट पाण्यातून काही क्षणांत वर येतात. त्यांतला बराच ओझोन न विरघळता खोलीत जातो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. खिडक्या बंद असताना तासाभरात २०० मिलिग्रॅम ओझोन निसटला आणि त्याचे विघटन क्षणभर बाजूला ठेवले, तर घनमीटरमागे जवळपास ६ मिलिग्रॅम होतात. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी जी मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते ती दशलक्ष भागांत ०.१ भाग, म्हणजे घनमीटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. हे त्याच्या तीसपट झाले. घरात दमेकरी किंवा पिंजऱ्यातले पक्षी असतील तर हा विषय इथेच संपवावा.

माळवी_मासा

एवढे स्पष्ट लिहिल्याबद्दल आभारी आहे. आईंना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे भाज्यांचे यंत्र टाकीजवळ येणार नाही, हे नक्की. परंतु मुळात ओझोन योग्य रीतीने वापरण्याची सोय असते का, हे जाणून घ्यायला आवडेल. इथल्या काही मंडळींच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांवर तो असल्याचे ऐकून आहे.

खारेपाणी (वडोदरा)

माझ्याकडे प्रवाळांची टाकी आहे आणि तिच्यावर ओझोन आहे, म्हणून मांडणी कशी असते ते लिहितो. मुख्य नियम असा की ओझोन आणि मासा यांची गाठ कधीही पडू द्यायची नाही. ओझोन टाकीत सोडत नाहीत. टाकीतले पाणी ओझोनकडे नेतात. खाऱ्या पाण्यात हे काम प्रोटीन स्किमरमध्ये, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाबरोबर घाण वेगळी करणाऱ्या उपकरणात, होते: ओझोनमिश्रित हवा स्किमरच्या बुडबुड्यांत जाते, तिथे पाणी आणि वायू यांचा दाट संपर्क होतो आणि बाहेर पडणारे पाणी ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या थरातून जाऊन मगच संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या दुय्यम टाकीत) उतरते. कार्बनवर उरलेला ओझोन मोडतो. स्किमरच्या कपाच्या झाकणावरही, म्हणजे हवा जिथून बाहेर पडते तिथे, कार्बनची डबी बसवावी लागते. ती जुनी झाली की खोलीत पाऊल टाकताच वास येतो. पण नाक त्या वासाला लवकर सरावते, म्हणून ‘आता वास येत नाही’ हा काही पुरावा नव्हे. बाहेरून आलेल्या माणसाला विचारावे.

समुद्राच्या पाण्यात आणखी एक गुंता आहे. त्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. ओझोन त्याच्यावर चालून जातो आणि हायपोब्रोमस आम्ल तयार होते. ओझोन निघून गेला तरी ते टिकून राहते आणि कल्ल्यांना तितकेच जाचते. मात्रा आणखी वाढवली तर ब्रोमेट होते आणि तेव्हा कार्बनही फारसा हात देत नाही. त्यामुळे ‘ओझोन लगेच नाहीसा होतो’ हे वाक्य खाऱ्या पाण्याला लावू नये. कार्बनमधून बाहेर पडणारे पाणी मी जलतरण तलावांसाठी मिळणाऱ्या क्लोरीनच्या चाचणीने तपासतो; ब्रोमीन असो वा ओझोन, दोन्ही त्या चाचणीत क्लोरीनसारखाच रंग देतात. ज्यांच्याकडे ऑर्थोटोल्युइडिनचा क्लोरोस्कोप (रंगावरून क्लोरीन तपासायचा संच) असेल त्यांनाही चालेल. रंगाची पुसटशी छटा दिसली तरी कार्बन बदलायचा आणि ओझोन बंद ठेवायचा.

माझा फायदा सांगायचा तर पाणी अक्षरशः दिसेनासे झाले आहे आणि दिव्यांचा निळा प्रकाश तळापर्यंत पोचतो. रोगराई कमी झाली, असे मात्र मी म्हणणार नाही.

पाणवनस्पती

धागाकर्त्यांची टाकी गोड्या पाण्याची आहे, हे विसरून चालणार नाही. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होतात, पटकन वर येतात आणि फेस धरत नाही. त्यामुळे स्किमर तिथे जवळजवळ निरुपयोगी असतो. मग वेगळा संपर्कस्तंभ बांधावा लागतो: उभा पीव्हीसी पाइप, वरून खाली येणारे पाणी, खालून वर जाणारे बुडबुडे, शेवटी कार्बन. इतका खटाटोप करून जो कार्बन शेवटी लावायचाच आहे, तो कार्बन एकटाच कॅनिस्टरमध्ये घातला तर पिवळा रंग बराचसा उतरतो. मग ओझोन कशासाठी, याचे उत्तर मला अद्याप कोणी पटेल असे दिलेले नाही.

वनस्पती असलेल्या टाकीत तर तो सरळ नुकसान करतो. खतातले लोह ज्या सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले असते तो रेणूच ओझोन मोडतो. लोह आणि मँगनीज गंजासारखे खाली बसतात आणि नव्या पानांवर पिवळेपणा येतो.

रेणुसूत्र

पाणवनस्पती यांच्याशी बव्हंशी सहमत आहे. एक भर घालतो: ओझोन सेंद्रिय द्रव्य टाकीतून काढून टाकत नाही, तो त्याचे तुकडे करतो. मोठे, जिवाणूंना न पचणारे रेणू लहान आणि पचण्याजोगे होतात. मग ते खाण्याचे काम फिल्टरमधल्या जिवाणूंनी करायचे असते. फिल्टर आधीच तोकडा असेल तर ओझोन लावल्यावर पाणी काही दिवस धुरकट झाल्याचेही दिसते, कारण जिवाणूंना अचानक मेजवानी मिळते. नायट्राइटचे नायट्रेट ओझोन झटकन करतो; पण गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या पीएचला अमोनियावर त्याचा प्रभाव फार मंद असतो आणि नायट्रेटला तो हातही लावत नाही. म्हणजे पाणी बदलणे टळत नाही.

धागाकर्त्यांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. हायपो, अर्थात सोडियम थायोसल्फेट, हा क्लोरीनला मारतो तसाच ओझोनलाही मारतो. थेंब सढळ हाताने पडत असतील तर पाणी बदलल्यानंतर सुरुवातीचा ओझोन त्यातच खर्ची पडेल आणि काहीच परिणाम दिसत नाही म्हणून माणूस बटण पुढे फिरवील.

सराफा_मत्स्यप्रेमी (इंदूर)

मला एक शंका आहे. पावसाळा सुरू झाला की माझ्या टाकीत पांढरे ठिपके येतात. ओझोनने ते जातात का? आणि त्यासाठी यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) चांगला की ओझोन?

खारेपाणी

पांढऱ्या ठिपक्यांचा परोपजीवी माशाच्या त्वचेत शिरून बसलेला असतो तेव्हा त्याला ना ओझोन पोचतो ना यूव्ही. तो मासा सोडून तळाशी जातो, तिथे कवचात विभागून शेकडो पिल्ले सोडतो, आणि ती पोहणारी पिल्लेच तेवढी या यंत्रांच्या तावडीत सापडू शकतात, तीही फिरत्या पाण्याबरोबर यंत्रापर्यंत आली तर. त्याआधीच ज्यांना मासा सापडतो ती सुटतात. म्हणून दोन्ही साधने प्रादुर्भावाचा जोर कमी करतील, उपचार करणार नाहीत. त्यातही घरगुती वापरासाठी मी यूव्हीला झुकते माप देईन: त्याचा परिणाम नळीच्या आतच संपतो, पाण्यात काही उरत नाही, आणि शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यावर तर तो ओझोनपेक्षा सरस आहे. औषधोपचार चालू असताना मात्र दोन्ही बंद ठेवावेत. मिथिलीन ब्लूचा रंग ओझोनसमोर टिकत नाही आणि औषध वाया जाते.

तुमच्याकडे पावसाळ्यातच ठिपके येतात, त्यामागे तापमानातली चढउतार असण्याचा संभव अधिक. हीटरचा थर्मोस्टॅट तपासून पाहावा.

जुना_छांदिष्ट

चर्चेत ओआरपीचा, म्हणजे पाण्याच्या ऑक्सिडीकरणाच्या प्रवृत्तीच्या मापाचा, उल्लेख अजून आलेला नाही, याचे आश्चर्य वाटले. ओझोन वापरायचा तर मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरते, परंतु नियंत्रण मिलिव्होल्टमध्ये होते. पाण्याची ऑक्सिडीकरणाची प्रवृत्ती मोजणारा प्रोब टाकीत असतो आणि ठरवलेला आकडा गाठला की नियंत्रक ओझोनचे यंत्र बंद करतो. टाकीचे पाणी ३०० ते ४०० मिलिव्होल्टच्या दरम्यान असणे पुरेसे आहे. पाण्यातले जंतू मारण्यासाठी ६५० हा आकडा सांगितला जातो. तो टाकीत गाठायचा म्हणजे मासेही त्याच यादीत घालायचे. कोणी ४५० ला नियंत्रक लावून ‘पाणी आणखी शुद्ध’ असे सांगत असेल तर हात जोडून नमस्कार करावा.

या आकड्यावर विसंबण्यापूर्वी त्याचा स्वभाव ओळखावा. पीएच एका एककाने वाढला की ओआरपी ढोबळमानाने ५९ मिलिव्होल्टने उतरतो. त्यामुळे दिवे लागल्यावर, वनस्पती किंवा शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढू लागले की, दुपारी तो आपोआप खाली येतो आणि रात्री वर जातो. खाद्य टाकल्यावरही उतरतो. नवा प्रोब स्थिर व्हायला वेळ घेतो, आणि जुन्या प्रोबवर शेवाळाचा बुळबुळीत थर बसला की तो वाटेल ते आकडे दाखवतो. खरी भीती इथेच आहे. मळलेला प्रोब कमी आकडा दाखवत राहिला तर नियंत्रक यंत्र बंदच करणार नाही. याचसाठी माझा आग्रह असा की नियंत्रक आहे म्हणून मोठे यंत्र घेऊ नये. यंत्र इतके लहान असावे की नियंत्रक बिघडून ते रात्रभर चालले तरी सकाळी मासे पोहताना दिसावेत. ३०० लिटरला तासाला ४०० मिलिग्रॅमचे यंत्र नियंत्रकासह विकणारे लोक आहेत, आणि त्यांना हा प्रश्न विचारला की ते विषय बदलतात.

सराफा_मत्स्यप्रेमी

यंत्रात जाणारी हवा कोरडी करणारी सिलिका जेलची नळी लावणे आवश्यक असते का? आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मीठही डबीत ओले होते.

जुना_छांदिष्ट

नक्कीच आवश्यक आहे. बाजारातली बहुतेक यंत्रे हवेत विद्युत्-विसर्ग करून ओझोन बनवतात. हवा दमट असेल तर ओझोनचे प्रमाण बरेच घटते आणि हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल तयार होऊन ते विसर्गनळीतच साचते; नळीच्या तोंडाशी ओलसर पांढरट-पिवळट खर दिसली तर ती त्याचीच. म्हणून एअर पंप, मग सिलिका जेल, मग यंत्र, असा क्रम ठेवतात. निळे मणी गुलाबी झाले किंवा नारिंगी मणी हिरवे झाले की ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास सुकवून पुन्हा वापरता येतात. निळ्या मण्यांत कोबाल्टचे क्षार असतात, त्यामुळे स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नारिंगीच बरे. माळव्यातल्या मेमध्ये एक भरण पुष्कळ दिवस पुरते, श्रावणात मात्र मण्यांकडे सतत लक्ष ठेवावे लागते. १८५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्यावर चालणाऱ्या यंत्रांना दमट हवेचा त्रास कमी होतो, पण त्यांचा ओझोनही बेताचाच असतो.

नळ्यांबद्दलही सांगतो. साध्या रबराला ओझोन काही दिवसांतच चिरा पाडतो. तुमच्या एअर पंपाबरोबर आलेली झडप आतून रबराची असेल तर ती कधी कुचकामी झाली हे कळणारही नाही. सिलिकॉनची नळी आणि ओझोनला टिकणारी झडप घ्यावी.

माळवी_मासा

सर्वांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. ओझोनचा विचार मी सोडून दिल्यातच जमा आहे, परंतु पिवळेपणाचे मूळ कुठे आहे हे अजून समजलेले नाही. नर्मदेचे पाणी मुळातच पिवळट असेल का?

पाणवनस्पती

तेच आधी पाहायला हवे. पांढरी प्लास्टिकची बादली घेऊन तीत टाकीचे पाणी भरावे आणि शेजारी तशाच बादलीत गच्चीवरच्या टाकीतले साठवलेले पाणी भरून, दोन्ही दिवसाच्या उजेडात वरून पाहाव्यात. काचेतून पाहताना डोळा फसतो, विशेषतः पिवळसर दिवे असतील तर. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर चढवून आणलेले हे पाणी शुद्धीकरण होऊन येते. पावसाळ्यात क्वचित गढूळ आले तरी तो मातीचा गढूळपणा असतो, काही वेळाने खाली बसतो. चहासारखा पारदर्शक पिवळा रंग वेगळा. तो लाकडातून, देशी बदामाच्या पानांतून, किंवा साचलेल्या विष्ठेतून आणि खाद्यातून येतो. टाकीत लाकूड आहे का?

माळवी_मासा

आहे. चांगले दीड फुटांचे आहे, पण टाकण्यापूर्वी उकळून घेतले होते. बादल्यांचे आज सकाळी करून पाहिले: साठवलेल्या पाण्याचा तळ पांढरा दिसतो, टाकीच्या पाण्याचा स्पष्ट पिवळा. म्हणजे रंग टाकीतच येतो आहे.

रेणुसूत्र

दीड फुटांच्या लाकडाच्या गाभ्यापर्यंत उकळीचा परिणाम पोचत नाही; त्यातून टॅनिन, म्हणजे लाकडातले रंग देणारे द्रव्य, महिनोन्महिने झिरपत राहते. लाकूड आठवडाभर वेगळ्या पिंपात ठेवा आणि पिंपाचे पाणी पाहा. टॅनिनने माशांचे काही बिघडत नाही, हेही लक्षात असू द्या. हा प्रश्न फक्त डोळ्यांचा आहे. त्याच आठवड्यात ऑस्करना खाद्य निम्मे करा. ते भुकेले असल्याचा अभिनय अप्रतिम करतात, त्याला भुलू नका.

माळवी_मासा

लाकूड पिंपात ठेवले होते. पिंपाचे पाणी तिसऱ्या दिवसापासूनच रंगू लागले आणि आता गडद आहे. कॅनिस्टरच्या वरच्या कप्प्यात जाळीच्या पिशवीत कार्बन भरला असून टाकीचा रंग पुष्कळ उतरला आहे, पण पूर्ण गेलेला नाही. कार्बन किती दिवसांनी बदलावा? आणि कॅनिस्टरमध्ये तो स्पंजच्या आधी असावा की नंतर?

पाणवनस्पती

स्पंज आणि रिंग्जच्या (जिवाणू वाढण्यासाठी ठेवलेल्या कड्यांच्या) नंतर, म्हणजे गाळलेले पाणी त्याच्यावर येईल अशा जागी. आधी ठेवला तर गाळाने त्याची छिद्रे बुजतात. भरण्यापूर्वी साध्या पाण्यात काळी भुकटी येणे थांबेपर्यंत धुवावा. बदलण्याची तारीख ठरवू नका, बादलीच ठरवील: रंग पुन्हा चढताना दिसला की कार्बनची रंग शोषण्याची क्षमता संपली असे समजावे. लाकूड टाकीत परत ठेवणार असाल तर ती लवकर संपेल, आणि औषध टाकायची वेळ आली तर कार्बनही बाहेर काढावा लागतो.